गाडी खालून बघणारा मिस्त्री

मला फसवलं ते भंगारबाजारातल्या शेठने. जीपच्या ॲक्सलचा तुटलेला दांडा वेल्डिंगने जोडून, वर काळा रंग मारून, अख्खा म्हणून त्याने माझ्या गळ्यात मारला. मिस्त्रीने मला फसवलं नाही. मिस्त्रीने दांडा बदलला नाही. हे आधीच स्वच्छ लिहून ठेवते, कारण बाजारात आजही उलटं सांगितलं जातं, आणि सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तो मिस्त्री डोळ्यांनी पाहिलेलाही नाही.

मी पाहिला, तेव्हा आधी त्याचे पायच दिसले. शहराच्या कडेला नंदनवनाकडे तेव्हा वस्ती विरळ होती, मधे मधे शेतं. एका चक्कीला लागून त्याचं टिनाचं शेड. पाटी नाही, नाव नाही. एका ट्रकखालून दोन पाय बाहेर आले होते, त्यांच्याशीच मला बोलावं लागलं.

"मिस्त्री, जीप आणली. मागचा ॲक्सल मोडला."

"पाह्यला का?"

"मी काहून पाहू? तुम्ही पाहा."

"गाडी कोनाची?"

"माझी."

"मंग झोपा खाली."

मी भर बाजारात चार माणसांना गप्प करणारी बाई. माझ्याशी असं कोणी बोलत नसे. मी तोंड उघडणार तेवढ्यात ट्रकखालून एक हात आला आणि त्याने धुतलेलं, घडी केलेलं पोतं माझ्या पायाशी सरकवलं. "साफ आहे. बाईमानसासाठी येगळं ठेवलं आहे," पाय म्हणाले. "आजपावतर कोनी झोपलं नाही, ते गोष्ट येगळी."

मी झोपले. लुगड्याचा पदर कमरेला खोचला आणि माझ्या स्वतःच्या जीपखाली उताणी झोपले. जीप घेऊन मला तेव्हा तीन वर्षं झाली होती आणि तिचं पोट मी पहिल्यांदा पाहत होते. माझा ड्रायव्हर गुलाब बाजूला उभा राहून तोंड फिरवून हसत होता, ते मला त्याच्या चपलांवरून कळलं.

मिस्त्रीचा हा नियम सगळ्यांना सारखा होता. एकदा एक पेन्शनीत निघालेले फौजदार बिनझोपता परत गेले, तर हा त्यांच्या पाठीमागे ओरडला, "गाडी वरून पाहनारा म्हंजे लग्नात नवरीचे डागिने पाहनारा! पोरीचं तोंड त्याले घरी गेल्यावर दिसते!"

आता मी कोण ते सांगते. मी कोष्ट्याच्या घरची. बापाचा माग थांबला तेव्हा मी डोक्यावर सुताच्या लडी घेऊन उमरेडपर्यंत विकत फिरले. नंतर बांबू, नंतर चुना. नवरा शाळेत कारकून, जिवाचा भला माणूस; मी भाव करू लागले की तो दुसरीकडे बघायचा. लष्करी लिलावात जीप निघाली तेव्हा बोली लावणारी मी एकटी बाई होते. लोक हसले. गाडी मी घेऊन आले.

सत्तरच्या आसपास पारशिवनीच्या पलीकडच्या डोंगरात धरणाच्या सर्वेची छावणी पडली, आणि तिथे सामान पोचवायचं काम मला मिळालं. भोकं पाडायच्या मशीनचे लोखंडी पाइप, सिमेंट, तेलाचे पिंप, तंबू. रस्ता म्हणून काही नव्हतं. एक नाला होता, त्याच्या पलीकडे दगडांच्या पायऱ्यांसारखा चढ, आणि वर छावणी. ट्रक तिथे जात नसे. मागे ट्रॉली लावलेली माझी जीप जायची.

त्या चढावर माझा मागचा ॲक्सल दोनदा मोडला. ॲक्सल म्हणजे दोन चाकांमधला लोखंडी नळा. त्याच्या पोटात दातेरी चाकांचा गोळा आणि दोन्ही बाजूंना एकेक दांडा, जो चाक फिरवतो. दुसऱ्यांदा दांडा मोडला तेव्हा चाक दांड्याच्या तुकड्यासकट बाहेर आलं आणि आमच्या पुढे पुढे धावत जाऊन नाल्याच्या पाण्यात बसलं. छावणीवरचे साहेब वरून बघत होते. ते खाली आले, चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई, तिसऱ्यांदा सामान नाल्यात राहिलं, तर काम मी दुसऱ्याला देईन," ते म्हणाले. चांगले गृहस्थ होते. म्हणूनच मला माहीत होतं की ते खरंच देतील. ते काम गेलं असतं तर मी परत सुताच्या लडी डोक्यावर घेतल्या असत्या. एवढं सगळं त्या एका लोखंडी नळ्यावर होतं.

तर मी जीपखाली, आणि मिस्त्री सरपटत माझ्या बाजूला आलेला. पन्नाशीचा, काळाकुट्ट, डोक्याला रुमाल, कानात कापसाचे बोळे. तरुणपणी लष्कराच्या वर्कशॉपात शिकलेला, छप्पन साली दीक्षा घेतलेला. त्याने कापूस काढला.

"चाक बाहेर काहून आलं?"

"दांडा मोडला म्हणून."

"दांडा काहून मोडला?"

"तेच तर विचारायला आले!"

"चिल्लाऊ नका, गाडीखाली आवाज घुमते. गाडीचं वजन कोनावर आहे?"

"चाकावर."

"अन् चाक कोनावर अडकलं?"

"दांड्यावर."

"अन् चाकाले फिरवते कोन?"

मी बघितलं. "तोच दांडा."

"म्हंजे एकाच गड्याच्या डोक्यावर गाठोडं द्याचं, अन् त्यालेच म्हनाचं, नाच. मोडन नाही तं काय करन थो?"

मग त्याने खडूने एका पाटीवर चित्र काढलं. पाटी तो पोटावर ठेवून गाडीखाली न्यायचा. असाही ॲक्सल असतो, तो म्हणाला, ज्याच्यात चाक नळ्यावर बसते. वजन नळा उचलते, दांडा निस्ता फिरते. दांडा मोडला तरी चाक जागेवर. बाहेरून चार बोल्ट काढा, तुकडा ओढून फेका, पुढच्या चाकांच्या जोरावर घरी या. लष्कराच्या जड गाड्यांना असे ॲक्सल असतात. पण तीन गोष्टी पाहायच्या. एक, पोटातला गोळा मधोमध नको, आपल्या जीपसारखा उजवीकडे पाहिजे. दोन, रुंदी. तीन, फेऱ्या. चाकं एकदा फिरली की इंजिनाकडून गोळ्याकडे येणारी फिरकी पाच वेळा फिरून सहावी फेरी तिसऱ्या हिश्श्याच्या जरा पुढे गेली पाहिजे, कारण जीपची पुढची चाकंही इंजीनच फिरवते आणि त्या ॲक्सलची तीच चाल आहे. "पुढचे पाय येगळ्या चालीनं अन् मागचे येगळ्या, तं बैल बी पडते."

मी मजुरीचा भाव करू लागले. तो म्हणाला, "मी एकच आकडा सांगतो. तुमी एक शब्द बोलल्या का एक रुपया वाढते."

"हा काय धंदा झाला, मिस्त्री?"

"पाच शब्द झाले. मी चारच धरतो, बाई आहा म्हनून."

आयुष्यात पहिल्यांदा मी भाव न करता गप्प बसले. गुलाब ही गोष्ट पुढे कित्येक वर्षं सांगत होता.

मिस्त्रीने मला सांगितलं होतं की बुधवारी तो स्वतः बाजारात येईल, तोवर काही घेऊ नका. बुधवारला पाच दिवस होते. मी थांबले नाही. माझी चूक मी लपवत नाही. सुताच्या घरात वाढलेली मी. आमच्याकडे जाड सूत म्हणजे मजबूत सूत, आणि सूत वजनावर घेतात. मी शेठकडे गेले आणि दुकानातला सगळ्यात जाड, सगळ्यात जड ॲक्सल निवडला. काळा कुळकुळीत, नवा दिसणारा.

"बाईसाहेब, नजर है आपकी," शेठ म्हणाला. "ये तो हाथी है हाथी."

मी भाव अर्ध्यावर आणला. शेठने कपाळाला हात लावला, लुटलं म्हणाला, दुसऱ्या गिऱ्हाइकाला माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "इनको दूर से नमस्कार करो." मी फुगून गेले. आज कळतं, तो फार लवकर खाली आला होता. खरा माल विकणारा एवढ्या हसतमुखाने लुटला जात नाही.

नंदनवनात हातगाडीवरून तो हत्ती उतरवला. मिस्त्रीने त्याच्याकडे पाहिलंच नाही. शेजारच्या चक्कीकडे तोंड करून ओरडला, "बंद करा गा!" चक्कीवाल्याने बटण दाबलं. दळण घेऊन आलेल्या बायकांना सवय होती. गल्ली गप्प झाली. समोरच्या शिंप्याने पायाखालची मशीन थांबवली. मिस्त्रीने दोन्ही दांडे ओढून काढले, एकेक दोरीला टांगला, डोळे मिटले आणि पान्याने टोला दिला.

पहिला दांडा वाजला. दुसरा वाजलाच नाही. कोणी पोत्यावर काठी मारावी तसा आवाज आला.

"सर्दी झाली ह्याले," मिस्त्री म्हणाला.

त्याने रंग खरवडला, दांड्यावर रॉकेल चोपडलं, कोरड्या फडक्याने पुसून लख्ख केला आणि वरून पाटीचा खडू घासला. मग आम्ही नुसते बघत बसलो. हळूहळू त्या पांढऱ्यावर, दांड्याच्या मधोमध, बांगडीसारखी एक ओली रेघ उमटली. फटीत शिरलेलं रॉकेल परत बाहेर येत होतं. दांडा मोडलेला होता, आणि जोडून घासून सारखा केलेला होता.

दळणाच्या डब्यावर बसलेली एक म्हातारी म्हणाली, "अगं माय, लोखंडालेबी बांगड्या भरल्या वं!"

मी हसले नाही. तो दांडा उचलला आणि तसाच हातात घेऊन निघाले. मिस्त्री म्हणाला, "मी येतो. पन मी बोलनार नाही. बोलनं तुमचं काम, आयकनं माह्यं."

बाजारात पाच पंच होते. माल खोटा निघाला की त्यांना दुकानासमोर बोलवायची रीत होती. ते खुर्च्यांवर बसत, चहा येई आणि निकाल लागे. मी दांडा त्यांच्यापुढे टाकला. रेघ दाखवली. शेठने ती वाकून पाहिली, आणि शांतपणे म्हणाला, "माल आमच्या दुकानातून साबूत गेला. मिस्त्री ने बदल दिया होगा. इन लोगों का क्या भरोसा."

इन लोगों का. मी ते शब्द ऐकले. पाचही पंचांनी ऐकले आणि पाचहीजण चहात बघू लागले. मी पेटून उठले. शेठच्या बापापासून सुरुवात केली. पंचांपैकी सगळ्यात तरुण होता तो म्हणाला, "बाई, मालावर खूण नाही, साक्षीदार नाही. कोनी बदलला हे आमी कसं ठरवावं?"

 मिस्त्री शेठकडे बघतच नव्हता. दुकानाच्या मागच्या अंगाला गंजलेल्या लोखंडाचा ढीग होता, कुत्री झोपायची तिथे, आणि मिस्त्रीची नजर त्या ढिगात होती. मग त्याने रुमाल झटकला आणि निघाला. लोकांना वाटलं, लाजून चालला. ढिगाजवळून जाताना त्याने खिशातला पाना काढला आणि चालता चालता एका आडव्यातिडव्या पडलेल्या, तांबेऱ्याने लाल झालेल्या नळ्याला हळूच टोला दिला.

देवळातल्यासारखा आवाज झाला. कुत्री उठली.

"काय वाजलं?" तरुण पंचाने विचारलं.

"भंगार," शेठ म्हणाला.

मिस्त्री वळलाही नाही, रस्त्यावर गेला. आणि माझा राग एकदम खाली बसला. गुलाब सांगतो, माझा आवाज असा गोड झाला की त्यालाच भीती वाटली. मी पदर सारखा केला आणि म्हणाले, "जाऊ द्या, शेठ. मी बाईमाणूस, मला काय कळते लोखंडातलं. पैसे नको. तुमचा नळा परत घ्या. मोडका दांडा माझ्याकडे राहू द्या, अक्कल आली त्याची आठवण. त्या बदल्यात मागच्या ढिगातला कोणताही एक नग उचलू द्या. विहिरीवर वजन म्हणून टाकीन. पंचांसमोर हो म्हणा."

शेठ हसला. पंचांकडे बघून डोळा मारला. "एक काहून, बाईसाहेब? दो उठाओ!"

"एकच."

"दे दिया. पाच पंच साक्षी."

मी ढिगात शिरले. तो लाल नळा सापडायला वेळ लागला नाही. गोळा उजवीकडे होता. रुंदी मी हातानेच मोजली. कोष्ट्याच्या पोरीच्या हाताला माप चुकत नाही. चार बोटं जास्त भरली. मग मी गुलाबला म्हटलं, "तू त्या टोकाचा दांडा धर, मी ह्या टोकाचा धरते. दोघं मिळून एक फेरी फिरवू." सगळा बाजार जमला. बाई लुगडं सावरून गंजक्या नळ्याचा दांडा फिरवते आहे, आणि एका दातेरी फिरकीकडे बघत मोठ्याने मोजते आहे: एक, दोन, तीन. कोणी शिट्टी मारली. कोणी म्हणालं, "विहिरीत टाकाच्या आधी तपासून राहिली का वं, बुडते का नाही?" मी मोजत राहिले. पाच झाल्या. सहावी सुरू झाली, तिसऱ्या हिश्श्याच्या जरा पुढे गेली आणि आमची फेरी पुरी झाली.

मी मान वर केली आणि म्हणाले, "हाच."

शेठचा चेहरा तेव्हा बदलला. "बाईसाहेब, वो तो मिलिटरी का..." तो म्हणाला आणि थांबला. पुढचं वाक्य बोलला असता तर ते भंगार नाही हे त्यानेच कबूल केलं असतं. पाच पंच समोर बसले होते. हातगाडी मी आधीच बोलावून ठेवली होती.

नंदनवनात मिस्त्री चक्कीच्या ओट्यावर चणे खात बसला होता. नळा उतरताना बघून त्याने एवढंच विचारलं, "फेऱ्या मोजल्या?"

"मोजल्या."

"वजन किती आहे म्हनता?"

"मी आता वजनाचं नाव घेणार नाही, मिस्त्री."

त्याने हातातले चणे अर्धे मला दिले. त्याच्याकडून कौतुक एवढंच मिळत असे. चार बोटं रुंदी जास्त आहे म्हटल्यावर म्हणाला, "चांगलं आहे. गाडी पाय रोवून उभी राहीन."

तीन दिवसांत त्याने तो ॲक्सल उघडला, धुतला, घासला, नव्या बेअरिंगी घातल्या आणि जीपला चढवला. गुलाबने समोर लिंबू-मिरची बांधली, ती त्याने तोडून फेकली. मी नारळ आणला होता. "नारळ घरी न्या, चटनी करा," तो म्हणाला. "इथं बोल्ट कसते माह्या हात. फोडाची गरज पडली तं मीच सांगन, का आता माह्या हाताचा भरवसा नाही."

चढाच्या दिवशी तो जीपमध्ये बसायला तयार होईना. "मी वर बसून काय पाहू?" पारशिवनीपर्यंत एसटीने आला, पुढे चालत. आम्ही नाल्याशी पोचलो तेव्हा हा आधीच पाण्याच्या कडेला दगडावर कान टेकून पालथा झोपला होता. छावणीचे साहेब वर उभे होते. ट्रॉलीत नेहमीपेक्षा जास्त पाइप होते. मीच भरायला लावले होते. साहेबांनी खाली हाक मारली, "बाई, तो माणूस आजारी आहे का?"

"नाही साहेब, तो गाडी बघतो आहे!"

गुलाबने गिअर टाकला. पहिली पायरी. मागची चाकं दगडाला भिडली, जीप थरथरली, आणि चढली. दुसरी पायरी, जिथे आमचं चाक सुटलं होतं. मी जीपच्या बाजूने चालत होते, दात आवळून. इंजीन गुरगुरलं, ट्रॉली मागे ओढत होती, आणि मागचे दोन पाय बैलासारखे रोवून जीप इंच इंच वर गेली. तिसरी. चौथी. वर माती लागली तेव्हा गुलाबने हॉर्न दाबून धरला तो सोडलाच नाही. छावणीतले मजूर तंबू सोडून पळत आले. साहेबांनी स्वतः ट्रॉलीचं फळकं उघडलं.

मी नाल्याकडे वळून ओरडले, "मिस्त्री! चढली!"

खालून आवाज आला, "मले काय सांगता? मी आयकलं नाही का!"

त्या मोसमात मी एकही खेप चुकवली नाही. पुढच्या वर्षी दोन छावण्यांचं काम मिळालं, मग दुसरी जीप आली, मग तिसरी. एकदा भर पावसात त्या ॲक्सलचा दांडा मोडलाही. चाक जागेवर राहिलं. गुलाबने चार बोल्ट काढले, तुकडा ओढून ट्रॉलीत टाकला आणि भरल्या गाडीसकट पुढच्या चाकांवर तो छावणीत पोचला. मिस्त्रीने सांगितलं होतं तसंच सगळं झालं.

आणि शेठ? वर्षभरात शेठने पाटी लावली, 'डोंगरी कामाचे मजबूत ॲक्सल'. गिऱ्हाइकांना सांगू लागला की छावणीवर चढलेल्या जीपचा ॲक्सल आपणच निवडून दिला. त्याच तोंडाने हेही सांगू लागला की नंदनवनच्या मिस्त्रीपासून सांभाळा, तो माल बदलतो. पंच काही बोलले नाहीत. मग ट्रकवाले तिकडे जायचे कमी झाले. मी माझ्या तिन्ही गाड्या नेत राहिले, ओळखीच्या चौघांच्या नेल्या, बाजारात उभं राहून घसा फोडला. मिस्त्रीला त्याचं काही नव्हतं. कानात कापूस घालून म्हणायचा, "ज्याले खरं पाह्यचं आहे थो खाली झोपन. बाकीच्याइले मी काय करू?" शेवटपर्यंत त्याच शेडमध्ये काम केलं त्याने. वारला त्या दिवशी चक्की बंद होती आणि शिंप्याची मशीनही. गल्लीने आपणहून बंद ठेवली होती.

आज हे लिहायचं कारण असं. बाजाराच्या नव्या सभागृहात शेठची तसबीर लागते आहे, खाली सोनेरी अक्षरांत मजकूर: 'विदर्भात मजबूत ॲक्सल आणणारे पहिले व्यापारी'. आमंत्रण माझ्याही घरी आलं. पाच पंचांपैकी दोघं हयात आहेत, आणि तेव्हाचा तरुण पंच आज अध्यक्ष आहे. अध्यक्षसाहेब, तुमच्या खुर्चीपासून तो ढीग दहा पावलांवर होता. तो ॲक्सल कोणी ओळखला ते तुम्ही पाहिलं. एका माणसाला त्याच्या जातीवरून चोर म्हटलं गेलं तेही तुम्ही ऐकलं, आणि चहा प्यायलात. मिस्त्रीने दांडा बदलला, असं तुम्ही ठरवलं होतं का? ठरवलं नव्हतं, तर इतकी वर्षं बाजाराला तसं बोलू का दिलं? तसबिरीवरचा पडदा ओढायच्या आधी माइक हातात घ्या आणि ह्याचं उत्तर सगळ्यांसमोर द्या. मी पहिल्या रांगेत बसणार आहे. तुम्ही बोलला नाहीत, तर मी उठेन, आणि माझा आवाज कसा आहे हे तुम्हाला माहीत आहे.